नळावरचा फळा आणि आमची बादली

माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. मी बोलले संगीता उभी राहील, कोणी मानलं नाही. मी बोलले ती निवडून येईल, तर माझा नवरासुद्धा हसला, आणि तो सहसा मला हसत नाही, घाबरतो. आता जो तो सांगत सुटलाय, आम्हाला तर माहीतच होतं वैनी. माहीत होतं तर तेव्हा तोंडात गुळणी का धरली होती?

तर निवडणुकीच्या वेळचे हे किस्से. आमच्याकडे ते जमवायला कुठे जावं लागत नाही. चाळीस बायका रोज सकाळी एका नळावर उभ्या, पाण्याचा पत्ता नाही, तोंडं मोकळी. बादली भरायच्या आधी कान भरतात. त्यातलं जे मी स्वतः बघितलं तेवढंच लिहिते. कोणाला झोंबलं तर नळावर येऊन भांडावं. साडेपाचपासून मी तिथेच असते.

*

पहिल्यांदा फळ्याचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमची समता चाळ दहिसरला, पार डोंगराच्या कडेला. पाणी सकाळी साडेपाचला येतं आणि बावीस मिनिटांत जातं. मी महापालिकेच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेले, तर तिथले साहेब बोलले, तुमच्या लाईनला दोन तास पाणी आहे. मी बोलले, बावीस मिनिटं. ते बोलले, बाई, घड्याळ कळतं का? चौथी झालेय माझी. घड्याळ दुसरीत शिकवतात!

बालवाडीने टाकून दिलेला एक फळा होता. तो मी नळाच्या भिंतीवर टांगला आणि तीन रकाने पाडले. पाणी आलं, पाणी गेलं, दोष कोणाचा. तिसरा रकाना माझ्या डोक्यातला. पाणी आलं नाही तर कोणाचा तरी दोष असणारच ना, आपोआप थोडंच अडतं? मग कधी मी चावीवाल्याचं नाव लिहायचे, म्हणजे जो लाईनची चावी फिरवून पाणी सोडतो तो. कधी लिहायचे पंप. एकदा स्वतःच्या नवऱ्याचं लिहिलं, पाईपवर स्कूटर चढवली होती त्याने.

महिन्याभराने फळा उचलला आणि शेजारच्या खरात भावजींच्या रिक्षात घालून थेट ऑफिसात नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. घ्या पुरावा.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "बाई, हे आजचं आहे. कालचं कुठाय?"

कालचं मी पुसलं होतं. फळा एक, दिवस रोज नवा, पुसल्याशिवाय लिहू कुठे?

येताना रिक्षात माझा पारा एवढा चढला होता की भावजींनी आरशात बघायचं सोडून दिलं. त्यांची बायको बाजूला बसली होती. तीच संगीता. लॅबमध्ये कामाला आहे, लोकांच्या घरी जाऊन रक्त काढते. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी बादली भरली, फळ्यासमोर उभी राहिली आणि मोबाईलवर फोटो काढला. तिसऱ्या दिवशी परत. असं वर्षभर. गावाला गेली तर मला फोन करून फोटो मागवायची.

वर्षाने आम्ही दोघी गेलो. ती अंगठ्याने एकेक फोटो सरकवत होती. साहेबांनी पहिले दहा उभ्याने बघितले, मग बसले, मग पंखा वाढवला. पन्नासाव्याला हात जोडून बोलले, पटलं, लाईन जुनी आहे, बदलायला पाहिजे. पण नवी लाईन पाहिजे तर नगरसेवकाचं पत्र आणा.

आता आली का पंचाईत! कित्येक वर्षं निवडणूकच झाली नव्हती. नगरसेवक आणायचा कुठून?

त्या दिवशी तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, "कोणीच नाही." लिहिताना खडू मोडला माझ्या हातातला. पाणी नसलं तर एक वेळ ओढाताण करू, पण शिव्या घालायला एक नावसुद्धा नाही?

*

मग निवडणूक लागली, आणि चिठ्ठीत आमचा वॉर्ड लेडीजला आला.

नळावर चर्चा सुरू. कोणाची भावजय, कोणाची मामी. मी बोलले, कशाला लांब जाता, आपली संगीता आहे. सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी काही मी तिला चंद्रावर पाठवते आहे. एक बोलली, तिच्यामागे पक्ष कुठाय? दुसरी बोलली, ती तर मोठ्याने बोलतसुद्धा नाही. संगीता स्वतः बोलली, वैनी, तुम्हीच उभ्या राहा ना, तुमचा आवाज चेक नाक्यापर्यंत जातो.

"म्हणूनच नको," मी बोलले. "मी तोंड उघडलं की आलेली मतं जातील. तू गप्प राहून आणशील."

तीन दिवस ती विचार करत होती. निवडून आली तर लॅबची नोकरी सुटणार, पडली तर लोक हसणार. चौथ्या दिवशी नळावर आली आणि फळ्याकडे बघत बोलली, "वैनी, तुम्हाला लिहायला नाव पाहिजे ना? भरते फॉर्म."

फॉर्मवर उमेदवाराच्या नावाखाली सूचक म्हणून सही माझी. आता मी सही करते ती चौथीच्या बाईंनी शिकवलेली, गोल, मोठी, काना-मात्रा सगळं. 'शेवंता दत्ताराम परब' लिहिता लिहिता चौकट संपली आणि 'परब' बाहेर गेला. तिथला क्लार्क बोलला, नवीन फॉर्म घ्या. दुसऱ्या फॉर्मवर 'ब' बाहेर. तिसऱ्या फॉर्मला संगीताने माझं मनगट पकडलं, रक्त काढताना धरते तसं. "वैनी, श्वास सोडा. मूठ सैल." मावली की सही!

*

निशाणी. अपक्षाला पक्षाची निशाणी नसते, यादीतून मागावी लागते. संगीताचा जीव स्टेथोस्कोपवर होता, तो दुसऱ्या बाईला गेला. हिच्या वाट्याला आली बादली.

ती आमच्या घरी आली ती तोंड पाडून. लोक हसतील बोलली. खरात भावजी बोलले, अजून काही बदलून मिळेल का बघू या. आमची सासूबाई कोपऱ्यात वाल सोलत बसली होती. मालवणहून येऊन पन्नास वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच. तिने मान वर न करता विषय संपवला.

"अगो, रडतंस कित्याक? ह्या वॉर्डात फुलाक नाय म्हणतीत, घड्याळाक नाय म्हणतीत. बादलीक कोण नाय म्हणतला?"

*

आमच्या वॉर्डात नाना म्हणून एक बडं प्रस्थ. पक्ष मोठा, गाड्या मोठ्या, आवाज मोठा. वॉर्ड लेडीजला गेल्यावर नानांनी बायकोला उभं केलं. बॅनरवर नानांचं तोंड परातीएवढं आणि बायकोचं खाली कोपऱ्यात टिकलीएवढं. प्रचाराला नाना पुढे आणि वहिनी गाडीत. काच खाली केली की हसायच्या, वर केली की दिसायच्या बंद.

तर या नानांना कळलं की समता चाळीत पाण्याचा प्रॉब्लेम आहे. वीस वर्षांनी कळलं, पण कळलं. एका रविवारी टँकर घेऊन आले. सोबत फोटोग्राफर, आणि टँकरवर नानांचं परातीएवढं तोंड.

पाणी कोण सोडतंय? आम्ही सगळ्या धावलो. मीसुद्धा धावले, खोटं कशाला बोलू. कपडे साठले होते. अख्ख्या चाळीने घरात होतं नव्हतं ते बाहेर काढलं. लाल, निळ्या, हिरव्या, फुटक्या, बिनकडीच्या. नाना टँकरवर चढून पाईप हातात धरून हसतायत, आणि फोटोग्राफर खालून खटाखट काढतोय.

दुपारपर्यंत तो फोटो वॉर्डातल्या प्रत्येक मोबाईलवर गेला. नानांच्या माणसांनीच पाठवला. वर लांब, बोटाएवढे नाना. खाली शंभर-दीडशे बादल्या!

तेवढी पत्रकं छापायची आमची ऐपत नव्हती. संगीताने नानांना मेसेज केला, धन्यवाद काका.

*

घरोघरी फिरताना वेगळीच गंमत.

संगीता दारात जाऊन हात जोडायची, मी मागे निशाणीची बादली घेऊन. आता ही बाई पंधरा वर्षं या गल्ल्यांत सकाळी सुई घेऊन फिरतेय. लोकांनी तिला मत मागताना कधी बघितलंय? आम्ही एका मास्तरांच्या दारात गेलो. रिटायर्ड, शुगरवाले. संगीताने हात जोडले, मास्तर खुर्चीवर बसले, बाही वर केली, हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काका, मी मतासाठी आलेय."

मास्तर भिंतीकडेच बघत बोलले, "काढ तू, मी काही बोलत नाही. फक्त एक सांगतो, चहा झालाय माझा."

अशी निदान दहा घरं झाली. एका घरात तर तिला बघून सहा वर्षांची पोरगी पलंगाखाली गेली ती बाहेर येईना. मी वाकून सांगितलं, अगं, मावशी आज रक्त काढायला नाही आली. आतून आवाज आला, "मग बादली कशाला आणलीय?"

पण एक गोष्ट मी बघितली. नानांची माणसं यायची तेव्हा लोक दारात उभे राहायचे. संगीता गेली की आत बसवायचे आणि दंड दाखवायचे.

*

चाळी झाल्या. राहिले ते टॉवर. बावीस मजली दोन टॉवर आहेत आमच्या खाली, तिथली मतं भरपूर आणि तिथे आम्हाला कुत्रं ओळखत नाही.

गेटवर गेलो. संगीता चांगल्या साडीत, हातात पत्रकं. वॉचमन बोलला, कमिटीची परमिशन आणा. तिथे नानांची माणसंपण अडवलेली, कडक पांढऱ्या कपड्यांतली, फोनवर फोन लावतायत. म्हणजे सगळ्यांना सारखाच न्याय.

मी तेवढ्यात पत्रकं बादलीत टाकली, वर फडका टाकला, पदर खोचला आणि सरळ आत चालायला लागले. वॉचमनने माझ्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि बोलला, "ओ मावशी, ती लिफ्ट नाही. मागची, कामवाल्यांची."

बावीस मजले केले मी! एकेका दाराची बेल वाजवली. अंधेरीच्या एका कँटीनला रोज तीनशे चपात्या लाटते, त्यामुळे हात थकत नाहीत, पण त्या दिवशी बोट दुखलं. दार उघडलं की फडका बाजूला, पत्रक पुढे. समता चाळीची संगीता खरात, निशाणी बादली, बघा कशी दिसते, ही अशी. काही जणांनी दार लावलं. काही जणांनी पाणी विचारलं. एक आजी बोलल्या, गेल्या वर्षी तापात रक्त न्यायला सकाळी सहाला आली होती तीच का ही? हात हलका आहे तिचा.

एकोणिसाव्या मजल्यावर एका मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पत्रक घेतलंच नाही. विचारलं, "भांडी आणि लादी, दोन्ही करतेस का? उद्यापासून ये."

"मी नाही, पण हिला बोलवा मॅडम," मी पत्रकावरचा फोटो दाखवला. "पाच वर्षं येईल, एक सुट्टी घेणार नाही. पगारसुद्धा तुम्हाला द्यायचा नाही."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. पत्रक फ्रीजला लावलं. मी स्वतः बघितलं, मॅग्नेट आंब्याचं होतं.

*

मतदानाचा दिवस. आता नीट लक्ष द्या, कारण इथे आमची वाट लागली होती.

मतदानाचं केंद्र आमच्या शाळेत. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत कोणाची निशाणी दिसता कामा नये, हा नियम. आणि शाळेच्या गेटपासून आमचा नळ किती लांब? पन्नास पावलं.

बरं, त्या दिवशी पाणी साडेपाचला आलंच नाही. सात वाजले तरी आम्ही लाईनीत. तिकडे मतदान सुरू, लोक शाळेकडे चाललेत, आणि त्यांच्या रस्त्याच्या कडेला एकामागे एक अशा साठ-सत्तर बादल्या!

नानांचा माणूस धावत आत गेला. हा उघड प्रचार आहे, आचारसंहिता मोडली. आतून अधिकारी बाहेर आले. बिचारे कुठल्यातरी दुसऱ्या ऑफिसातून ड्युटीवर आलेले, पहाटेपासून उपाशी. बोलले, उचला. मी बोलले, उचलून कुठे नेऊ, नळ इथेच आहे. बोलले, मग झाका. आम्ही पदर-ओढण्या टाकल्या. नानांचा माणूस बोलला, झाकली तरी बादलीच दिसते. मग हवालदाराने आयडिया काढली, उलट्या करा. केल्या उलट्या. उलटी बादली पण बादलीच की हो! वर आता ती जास्त ठसठशीत दिसायला लागली.

संगीताचा चेहरा पांढरा पडला होता. वर्षभर फोटो काढले, महिनाभर पाय झिजवले, आणि नळाच्या लाईनीपायी सगळं बाद होणार की काय. ती मला हळूच बोलली, वैनी, जाऊ दे, आजच्या दिवस पाणी नको भरू या.

आणि तेवढ्यात नळ खाकरला. पाणी आलं.

अधिकारी बोलले, बाई, थांबा. मी त्यांच्यासमोर माझी बादली सरळ केली आणि नळाखाली लावली.

"साहेब, हे बावीस मिनिटांत जाणार. तेवढं भरू द्या. मग मला उचलून कुठे न्यायचं तिथे न्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या फळ्याकडे बघितलं. वाचला, तिन्ही रकाने. मग घड्याळ बघितलं आणि नानांच्या माणसाला बोलले, नियमात निशाणी दाखवणं येतं, पाणी भरणं येत नाही. बावीस मिनिटांनी बघतो. आणि छातीवर हात बांधून तिथेच उभे राहिले.

बावीस झाली. पंचवीस झाली. चाळीस! पाणी थांबेचना. तासभर धो धो. घरातले डबे, टोप, कळशा, बाळाचा टब, सगळं भरलं. सासूबाई दारात येऊन विचारते, धरण फुटला काय गो? एवढं पाणी आमच्या नळाला माझ्या लग्नानंतर कधी आलं नव्हतं.

शेवटी साहेबच कंटाळून आत गेले. बादल्या भरून घराघरांत गेल्या, रस्ता मोकळा झाला. त्या दिवशी आलेल्या पाण्याचापण कोणाचा तरी दोष असणार म्हणून मी तिसऱ्या रकान्यात लिहिलं, "निवडणूक."

*

मोजणीच्या दिवशी आम्ही बाहेर बॅरिकेडला चिकटून उभ्या. पहिल्या फेरीत नाना पुढे. दुसऱ्या फेरीत नाना पुढे. त्यांच्याकडे ढोल वाजायला लागला, एकाने गुलालाची पिशवीसुद्धा फोडली. माझा नवरा बोलला, चल घरी, चपात्यांचं पीठ भिजवायचंय. मी बोलले, तू जा, भिजव.

चाळींच्या पेट्या उघडल्या, संगीता जवळ आली. पण नाना पुढेच. राहिल्या टॉवरच्या पेट्या. तिथे नानांच्या माणसांनी उड्याच मारल्या, टॉवर आपलाच.

संगीता खाली फुटपाथवर बसली. मला बोलली, वैनी, सोमवारपासून लॅबला जाते मी, त्यांनी जागा ठेवलीय. मला आंब्याचं मॅग्नेट दिसत होतं.

आतून निरोप आला तेव्हा ढोलवाल्याला कळायला उशीर लागला, तो वाजवतच होता. एकोणऐंशी मतांनी बादली! खरात भावजींनी त्या ढोलवाल्याला विचारलं, आता वाजवतोच आहेस तर आमच्या चाळीपर्यंत चल ना. आला की तो! आणि तिकडे गाडीची काच खाली झाली, नानांच्या बायकोने संगीताला बघून हात जोडले, हसली. त्या दिवशी काच बराच वेळ खालीच होती.

*

आता शेवटचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाच. चाळ अजून गुलालाने लाल. आम्ही सगळ्या बादल्या घेऊन लाईनीत. तोंडं हसरी, एकमेकींना पेढे देतोय, आपली संगी नगरसेविका झाली, झकास काम झालं.

पावणेसहा झाले. सहा झाले. नळाला थेंब नाही.

साडेसहाला पेढे संपले आणि जुनी बोलणी सुरू झाली. मतदानाला तासभर न् आज कोरडं. कोणाची पोरं शाळेला, कोणाची आंघोळ राहिली. पहिल्यापासून जशी मारतो तशी आम्ही बोंब मारली, आणि सवयीने सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पण सवयीने खडू उचलला. पाणी आलं, आडवी रेघ. पाणी गेलं, आडवी रेघ. दोष कोणाचा.

माझा हात तिथेच थांबला.

एवढी वर्षं मला नाव पाहिजे होतं. मागून एक बोलली, चावीवाल्याचं लिही ना. दुसरी बोलली, पंप लिही, पंप. तिसरी बोलली, अगं नानांनी बंद करवलं असेल, त्यांचं लिही. सगळ्यांचा आवाज खाली आला होता, कारण लाईनीत सातव्या नंबरला ती उभी होती. भांगात गुलाल, हातात बादली. मी तिच्याकडे बघेना, ती माझ्याकडून नजर काढेना.

मग ती लाईन सोडून पुढे आली. नंबर जाईल म्हणून बादली तिथेच ठेवली. माझं मनगट धरलं.

"श्वास सोडा वैनी. मूठ सैल. आणि चौकटीत मावेल असं लिहा."

मी लिहिलं.

दोष कोणाचा : संगीता खरात.